फोटोतली जांभळी किनार काढायची, पण शालूचा रंग राखायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उघड्या लॉनवर दुपारचं लग्न होतं. ८५ मिमी एफ १.८ लेन्सने अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढलेल्या क्लोजअपमध्ये मुंडावळ्यांच्या मोत्यांना आणि फेट्याच्या जरीला जांभळी कड आली. त्याच लग्नातला ग्रुप फोटो १८-५५ किट लेन्सने काढला, त्यात कोपऱ्यातल्या नारळाच्या झावळ्यांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी रेघ आहे. लाइटरूममध्ये डिफ्रिंज म्हणून कडेचा रंग फिका करणारं साधन आहे, त्यातलं पर्पल अमाउंट (जांभळ्यावरचा जोर) तुम्ही थेट २० वर नेलंत. मोत्यांची कड गेली, पण नवरीच्या जांभळ्या शालूचा काठ राखाडी पडला, आणि झावळ्यांची लाल रेघ जागची हलली नाही.

स्लायडरने त्याचं काम बरोबर केलं आहे. अडचण अशी की तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि औषध एकच दिलं गेलं. दोन्ही किनारी रंगीत आहेत, दोन्ही कडेला आहेत, पण एक किनार खऱ्या अर्थाने दुरुस्त होते: चुकीच्या जागी पडलेला रंग उचलून त्याच्या जागी परत ठेवता येतो. दुसरी दुरुस्त होत नाही, ती फक्त झाकता येते. झाकताना शेजारच्या खऱ्या रंगाला धक्का लागतोच, तो कुठे आणि किती लागू द्यायचा हे आपण ठरवायचं असतं. म्हणून कुठल्याही स्लायडरला हात लावण्याआधी समोर कुठली किनार आहे हे ओळखा. निम्मं काम तिथेच होतं.

मूळ कारण काचेत आहे. काच सगळ्या रंगांना सारखं वळवत नाही. बीके-७ नावाची साधी ऑप्टिकल काच घेतली, तर तिचा अपवर्तनांक ४८६ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला १.५२२४ आहे आणि ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला १.५१४३. फरक एक शतांशाहूनही कमी. पण या काचेच्या एकाच भिंगाची ८५ मिमी लेन्स केली, तर निळ्याचा आणि लालचा फोकस एकमेकांपासून सुमारे १.३ मिमी लांब पडेल. अशा लेन्सने एफ १.८ वर एकही फोटो धड निघणार नाही. न्यूटनला वाटत होतं की हा दोष भिंगातून काढताच येणार नाही, म्हणून १६६८ मध्ये त्याने आरशाची दुर्बीण केली. पुढे दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून दोष बराच मारता येतो हे कळलं आणि लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये अशा जोडभिंगाचं पेटंट घेतलं. जोडभिंग दोन रंगांना एका फोकसवर आणतं, बाकीचे थोडे इकडेतिकडे राहतात. त्या उरलेल्यासाठी रंग कमी पसरवणारी ईडी काच आणि फ्लोराइट लागतं. कॅननने फ्लोराइटचं भिंग असलेली ३०० मिमी लेन्स १९६९ मध्ये आणली. तुमच्या ८५ मिमी लेन्समध्येही दोष बराच मारलेला आहे. उरलेला तेवढा मोत्यावर दिसतो आहे.

आता ओळख. झावळ्यांची किनार लॅटरल प्रकारची आहे. इथे सगळे रंग फोकसमध्ये असतात, पण प्रत्येक रंगाची प्रतिमा किंचित वेगळ्या आकाराची पडते. लाल प्रतिमा हिरवीपेक्षा फक्त ०.०५ टक्के मोठी असली, तरी ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोत कोपऱ्यापाशी ती जवळजवळ दोन पिक्सेल बाहेर सरकते. मध्यभागी मात्र फरक शून्य. तेव्हा पहिली खूण ही: मध्यभाग स्वच्छ आणि कोपऱ्याकडे जावं तशी किनार रुंद होत गेलेली. दुसरी खूण अधिक पक्की आहे. एकाच फांदीच्या मध्याकडच्या कडेला एक रंग आणि बाहेरच्या कडेला त्याचा विरुद्ध रंग, म्हणजे लाल असेल तर समोर निळसर-हिरवा. तिसरी खूण लोकांच्या लक्षात येत नाही. जी फांदी फोटोच्या मध्याकडे रोख करून आडवी-तिरपी गेली आहे तिच्या लांब कडांना काहीच नसतं, आणि त्या दिशेला काटकोनात असलेल्या फांदीला भरपूर असतं. हे तिन्ही जुळलं की शंका उरत नाही. अ‍ॅपर्चर बारीक करून हा दोष फारसा कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. एफ ११ वर काढलेल्या गडाच्या बुरुजालाही तो दिसतो.

मोत्यांची किनार अ‍ॅक्शियल, म्हणजे फोकसच्या खोलीची. हिरवा रंग बरोबर फोकसमध्ये आला तेव्हा लाल आणि निळा दोन्ही थोडे बाहेर राहिले, त्यांचा पसरट डाग मोत्याभोवती पडला, आणि लाल-निळा मिळून जांभळा झाला. ही किनार फोटोत कुठेही येते, अगदी मध्यभागीही. मोत्याच्या चारही बाजूंना ती एकाच रंगाची असते. फोकसच्या पुढे असलेल्या वस्तूंना ती जांभळट-गुलाबी आणि मागच्या वस्तूंना हिरवट असते. एखाद्या ठुशीचा क्लोजअप काढून बघा: पुढचे मणी गुलाबी, मधले स्वच्छ, मागचे हिरवे. हा दोष अ‍ॅपर्चरशी बांधलेला आहे. एफ १.८ वर किनारीची जी रुंदी असेल ती एफ २.८ वर साधारण दोन-तृतीयांश होते आणि एफ ४ वर निम्म्याहून कमी. दिसण्याचा दुसरा भाग एक्स्पोजरचा. मोत्यावरची चमक जळून पांढरी झाली की तिच्याभोवतीचा जो फिका डाग एरवी नजरेत भरला नसता तोही उजळून वर येतो. म्हणून जांभळी किनार बहुतेकदा जळालेल्या पांढऱ्याच्या शेजारी सापडते.

झावळ्यांचं काम सोपं आहे, ते आधी उरकून टाका. लाइटरूमच्या लेन्स करेक्शन्समध्ये प्रोफाइल टॅबवर रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन असा एक चौकोन आहे, त्यावर टिक करा. सॉफ्टवेअर फोटोतल्या चित्रावरून लाल आणि निळ्या प्रतिमा किती मोठ्या-लहान पडल्या आहेत हे शोधतं आणि त्या हिरवीवर बसवतं. रंग फिका होत नाही, जागेवर येतो. त्यामुळे इथे शालूला काहीही धोका नाही, आणि कोपऱ्यातला तपशील थोडा अधिक धारदारही होतो, कारण तिन्ही रंग आता एकावर एक बसलेले असतात. हा टिक मी इम्पोर्टच्या प्रीसेटमध्येच, म्हणजे फोटो आत घेतानाच आपोआप लागणाऱ्या सेटिंगमध्ये, ठेवतो. यात गमावण्यासारखं जवळपास काही नाही. डिफ्रिंजचे आकडे मात्र प्रीसेटमध्ये कधीही ठेवू नका, ते का हे पुढे येईलच.

तुमच्या झावळ्यांची लाल रेघ पर्पल अमाउंटने गेली नाही, कारण ती मुळात जांभळी नव्हती. डिफ्रिंज ठरावीक रंगपट्ट्यातली कडच पकडतं. लालसाठी तिथे जागाच नाही.

पोस्टप्रोसेसिंगचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. लॅटरलची दुरुस्ती फोटोचा मध्य धरून होते. लाइटरूममध्ये क्रॉप हा नुसता चौकट असतो, मूळ मध्य सॉफ्टवेअरला माहीत असतो, त्यामुळे तिथे आधी-नंतरची चिंता नाही. पण फोटोशॉपमध्ये आधी क्रॉप करून, फाइल सेव्ह करून, मग लेन्स करेक्शन फिल्टर उघडलात तर तो नव्या चौकटीचा मध्य धरेल आणि दुरुस्ती एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी बसेल. पॅनोरमाचंही तेच. चार फोटो जोडून झाल्यावर मध्य हरवतो. तेव्हा आधी प्रत्येक फ्रेम स्वच्छ करा, मग जोडा. शार्पनिंगही नंतरच. किनार राहिलेल्या फोटोला शार्पनिंग दिलं की ती किनार दुप्पट ठसठशीत होते आणि मग काढायला जड जाते.

आता मोती. इथे थोडा वेळ द्यायला हवा.

पहिलं, फोटो १०० टक्क्यांवर आणा, गरज पडली तर २०० वर. फिट व्ह्यूमध्ये किनारीचा निर्णय घेऊ नका. मॅन्युअल टॅबवर डिफ्रिंजचं पिपेट आहे. ते उचला आणि किनारीच्या सर्वांत गडद जांभळ्या पिक्सेलवर टिचकी मारा. सॉफ्टवेअर अमाउंट आणि ह्यू (छटा) दोन्ही स्वतः लावेल. त्याने लावलेलं अमाउंट बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त असतं, ते खाली आणा. मी शून्यापासून एकेक वाढवत जातो आणि किनार रंगीत म्हणून ओळखू येईनाशी झाली की थांबतो, पूर्ण नाहीशी होण्याची वाट बघत नाही. बहुतेक फोटोंत हे ३ ते ७ च्या दरम्यान होतं. २० हा आकडा अगदी वाईट प्रसंगासाठी आहे.

अमाउंटपेक्षा महत्त्वाचा आहे तो त्याखालचा ह्यूचा पट्टा. सुरुवातीला तो ३० ते ७० असतो आणि खूप रुंद आहे: निळ्या-जांभळ्यापासून गुलाबी जांभळ्यापर्यंत सगळं त्यात येतं. तुमचा शालू तिथेच सापडला. दोन्ही टोकं आत ओढा. ऑल्ट की दाबून धरून टोक सरकवलंत की कुठले भाग पकडीत येत आहेत ते वेगळे उठून दिसतात. शालूचा काठ पकडीतून सुटेपर्यंत आणि मोत्याची किनार पकडीत राहील इतपत पट्टा अरुंद करा. लेन्सची किनार साधारणतः निळ्याकडे झुकलेली जांभळी असते आणि वांगी किंवा राणी रंगाच्या साड्या गुलाबीकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. दोन टोकं एकमेकांच्या फार जवळ मात्र येऊ शकत नाहीत, किमान दहा एककांचं अंतर राहतं.

शालू आणि किनार दोन्ही एकाच छटेचे निघाले तर? तेव्हा मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरतीच दुरुस्ती. मास्किंगमध्ये ब्रश घ्या आणि डिफ्रिंज स्लायडर वजा १०० वर ठेवून शालूवर फिरवा. वजा किंमत म्हणजे वरून लावलेल्या डिफ्रिंजपासून या भागाचं रक्षण. हा स्लायडर बहुतेकजण अधिकच्या बाजूनेच वापरतात, त्याचा खरा उपयोग वजाच्या बाजूला आहे. उलटही करता येतं: वरचं डिफ्रिंज शून्यावर ठेवा आणि फक्त मुंडावळ्यांवर ब्रशने अधिकचं डिफ्रिंज द्या. ब्रशचं डिफ्रिंज रंग बघत नाही, कुठल्याही छटेची किनार फिकी करतं, त्यामुळे तो ब्रश बारीक ठेवा आणि कडेबाहेर जाऊ देऊ नका. तुमच्या अल्बमसाठी मी दुसरी वाट धरेन. क्लोजअप मोजकेच असतात आणि शालू प्रत्येकात आहे.

आपल्याकडे या स्लायडरपासून जपायला खरं जांभळं फार आहे. पैठणीचा काठ, लग्नातली जांभळी शेवंती, अंजिरी नऊवारी, अमेथिस्टचे खडे. निसर्गात काढलेल्या फोटोत तर हे अधिकच जाणवतं. सह्याद्रीत कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, आणि पांढऱ्या आभाळासमोर धरलेल्या तिच्या पाकळीची कड डिफ्रिंजला लेन्सच्या दोषासारखीच दिसते. पर्पल अमाउंट प्रीसेटमध्ये ठेवू नका असं म्हटलं ते यासाठी. पाकळीच्या कडेचा रंग गुपचूप जातो, १०० टक्क्यांवर पाहिल्याशिवाय कळतही नाही, आणि फूल मात्र निर्जीव दिसायला लागतं.

डिफ्रिंजने किनारीचा रंग गेला तरी तिची जागा मोकळी होत नाही, तिथे राखाडी पट्टी उरते. मोत्यामागे पांढरं आभाळ असेल तर ती खपून जाते. मोत्यामागे कपाळ असेल तर खपत नाही. मुंडावळ्या कपाळावरच असतात, त्यामुळे तुमच्या क्लोजअपमध्ये मोत्यांलगतची त्वचा राख फासल्यासारखी दिसत असणार. हे डिफ्रिंजने सुटणारं नाही. फोटो फोटोशॉपमध्ये न्या. वर एक रिकामा लेयर घ्या, त्याचा ब्लेंड मोड कलर करा. त्याच कपाळावरचा, त्याच उजेडातला त्वचेचा रंग पिपेटने उचला आणि मऊ ब्रशने १५-२० टक्के फ्लोवर त्या राखाडी पट्टीवरून हळूहळू फिरवा. कलर मोडमध्ये खालचा उजेड-अंधार तसाच राहतो, फक्त रंग बदलतो, त्यामुळे त्वचेचा पोत शाबूत राहतो. हा रंग दर दोन-तीन मोत्यांनंतर नव्याने उचला. कपाळाच्या मध्याची आणि कानशिलाची त्वचा एकाच रंगाची नसते, आणि हळद लागलेल्या चेहऱ्यावर तर हा फरक स्पष्ट दिसतो.

सोन्यालाही हीच पद्धत. मंगळसूत्राच्या वाट्या किंवा तोडे यांच्या मागच्या भागाला हिरवट किनार येते. ग्रीन अमाउंटने ती काढली की सोनं पितळेसारखं मळकट होतं. थोडंसं ग्रीन अमाउंट, आणि वरून त्याच दागिन्याचा सोनेरी रंग कलर मोडमध्ये. पाचू, हिरवा चुडा आणि मागची झाडं या सगळ्यांना ग्रीन ह्यूच्या पट्ट्यातून आधी बाहेर काढायला विसरू नका. हिरवा चुडा हाच फोटोचा विषय असतो तेव्हा मी ग्रीन अमाउंटला हात लावत नाही, सगळं ब्रशनेच करतो.

किनार मोठ्या भागावर पसरली असेल, उदाहरणार्थ पांढऱ्या आभाळासमोर पूर्ण झाड, तर एकेक फांदी रंगवण्यात अर्थ नाही. तिथे जुना आणि अतिशय भरवशाचा उपाय असा: लेयरची प्रत काढा, तिला गॉसियन ब्लर द्या, किनारीच्या रुंदीच्या तीन-चार पट, म्हणजे साधारण १० ते २० पिक्सेल. मग ब्लेंड मोड कलर करा. आता तपशील खालच्या लेयरचा आणि रंग वरच्या पसरलेल्या लेयरचा. किनारीची जांभळी छटा आजूबाजूच्या रंगात विरघळून जाते आणि राखाडी पट्टी उरत नाही, कारण तिला शेजारचाच रंग मिळतो. या लेयरला काळा मास्क लावा आणि गरज आहे तिथेच पांढऱ्या ब्रशने उघडा. गिंपमध्येही हेच करता येतं, तिथे एलसीएच कलर मोड वापरा. त्याचे रंग अधिक नैसर्गिक राहतात.

लग्नाच्या फोटोंत आणखी एक किनार असते आणि ती काढायची नसते. संध्याकाळच्या रिसेप्शनला स्टेजमागे जांभळे एलईडी पार लाइट लावलेले असतात. केसांच्या कडेला, खांद्यावर त्यांचा खरा जांभळा उजेड पडतो. तो लेन्सचा दोष नव्हे, तो त्या संध्याकाळचा उजेड आहे. फरक असा ओळखायचा: खरा उजेड दिव्याच्या बाजूच्या कडेलाच असतो, चारही बाजूंना नाही. तो कडेवर संपत नाही, केसांच्या आत, कापडाच्या वळीवरही थोडा शिरलेला असतो. आणि फोकसच्या पुढे-मागे गेल्यावर त्याचा रंग हिरवा-गुलाबी असा बदलत नाही. अशा फोटोंना एकगठ्ठा डिफ्रिंज लावलं की स्टेजची सगळी मजा जाते.

चंद्राच्या फोटोबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोजागरीच्या सुमारास हा प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगतो. क्षितिजालगतच्या चंद्राला वरच्या कडेला निळसर-हिरवी आणि खालच्या कडेला लाल रेघ दिसते. ती वातावरणाने पाडलेली असते, हवाच तिथे लोलकाचं काम करते. लॅटरलचा टिक त्यावर चालत नाही, कारण इथे प्रतिमा लहान-मोठी झालेली नाही, नुसती वर-खाली सरकलेली आहे. चॅनेल्समध्ये फक्त लाल निवडून मूव्ह टूल घ्या आणि बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल वर न्या, निळा खाली आणा, कडा जुळल्या की थांबा.

लाइटरूम नसणाऱ्यांसाठी दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि दोन्ही चांगली आहेत. रॉथेरपीमध्ये रॉ टॅबवर क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनचं ऑटो करेक्शन आहे. ते डीमोझेइकच्या (सेन्सरच्या एकरंगी ठिपक्यांतून पूर्ण रंग बनवण्याच्या पायरीच्या) आधी चालतं, म्हणजे रंग अजून एकमेकांत मिसळलेले नसतानाच दुरुस्ती होते, आणि लॅटरलसाठी याहून चांगली वेळ नाही. अ‍ॅक्शियलसाठी त्याच्या डिटेल टॅबवरचं डिफ्रिंज बघा, तिथे छटेनुसार जोर कमी-जास्त करायचा कर्व्ह आहे, जांभळा शालू वाचवायला तो फार उपयोगी पडतो. डार्कटेबलमध्ये रॉ क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स नावाचं मोड्यूल आहे, पण ते बेयर (रंगीत ठिपक्यांच्या नेहमीच्या मांडणीच्या) सेन्सरसाठीच, फुजीच्या एक्स-ट्रान्स फाइलवर चालत नाही. त्याशिवाय २०२१ मध्ये ३.६ आवृत्तीत आलेलं क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स हे दुसरं मोड्यूल हिरव्या चॅनेलला वाटाड्या धरून लाल-निळ्यातला डाग आवरतं. जांभळ्या किनारीसाठी मी आधी हेच उघडतो. किनार फक्त उजळ असेल तर त्यातला डार्कन ओन्ली हा पर्याय घ्या, बाकीच्या भागाला धक्का कमी लागतो.

हे सगळं रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, गृहीत धरून लिहिलं आहे. जेपेगमध्ये सहसा रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या रेझोल्यूशनवर साठवलेली असते, त्यामुळे किनार आधीच शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडलेली असते आणि लॅटरलची दुरुस्ती अर्धवट बसते. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये कॅमेऱ्यानेही काही काम केलेलं असतं. निकॉनने २००७ च्या डी३ आणि डी३०० पासून जेपेगमधलं लॅटरल कॅमेऱ्यातच काढायला सुरुवात केली, आता जवळपास सगळे ते करतात. म्हणून एकाच वेळी काढलेल्या रॉ आणि जेपेगमध्ये किनार वेगवेगळी दिसली तर गोंधळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर मात्र वेळ घालवू नका, पाहुण्यांकडून मूळ फाइल मागवा. मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडच्या ब्रशमध्ये सॅच्युरेशन वजा करून, झूम करून, किनारीवरून फिरवता येतं. तेवढ्यापुरतं चालतं.

किती फोटोंवर एवढी मेहनत घ्यायची, हे छपाईच्या मापावरून ठरवा. तुमचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा आहे. ३०० डीपीआयवर पूर्ण शीट म्हणजे १०,८०० पिक्सेल रुंदी. तुमचा ६००० पिक्सेलचा फोटो पूर्ण शीटवर पसरवला तर १.८ पट ताणला जाईल, आणि सहा पिक्सेलची किनार कागदावर जवळपास एक मिलिमीटर होईल. ती शंभर टक्के दिसेल, विशेषतः नवरीच्या चेहऱ्याजवळ. तोच फोटो पानावर चार इंचांत लावला तर तीच किनार ०.१ मिलिमीटर उरते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. म्हणून आधी डिझाइन पक्कं करा, मग पूर्ण शीटवर जाणारे फोटो निवडून त्यांवर ब्रशचं काम करा. बाकी सगळ्यांना लॅटरलचा टिक, आणि गरज दिसेल तिथेच अगदी हलकं डिफ्रिंज पुरे.

काळ्या-पांढऱ्या पानांसाठी एक सोय सांगतो. रंग काढला की किनार गेली असं वाटतं, पण ती राखाडी होऊन राहते आणि कडा मऊ दिसतात. फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोम करून हिरवं १०० आणि लाल-निळं शून्य ठेवा. हिरवा चॅनेलच सर्वांत नेमका फोकसमध्ये असतो, त्यामुळे लाल-निळ्याचा डाग चित्रातच येत नाही. त्वचा थोडी गडद येते, ती कर्व्हने उचलता येते.

पुढच्या लग्नाला काढतानाच काय करता येईल? मोती, जर, पांढरा फेटा आणि वर ऊन असेल तिथे ८५ मिमी एफ २.८ वर ठेवा. पार्श्वभूमी तरीही पुरेशी विरघळते. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या आणि रॉमध्ये सावल्या उचला, म्हणजे मोत्यावरची चमक जळत नाही. नवरीच्या मागे पांढरं आभाळ येत असेल तर दोन पावलं बाजूला सरकून मागे मांडव किंवा झाड घ्या. यूव्ही फिल्टरने किनार जाईल या आशेवर राहू नका. आजच्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारं आवरण असतंच.

आणि लेन्सची चाचणी घरीच करून ठेवा. छापील वर्तमानपत्र टेबलावर पसरा, लेन्सपासून साधारण ४५ अंशांत तिरपं दिसेल असा कॅमेरा तिवईवर लावा, मधल्या ओळीवर फोकस करा आणि एफ १.८, २, २.८, ४ असे फोटो घ्या. अलीकडच्या ओळी कुठवर गुलाबी आहेत आणि पलीकडच्या कुठवर हिरव्या, हे १०० टक्क्यांवर बघा. मग भर दुपारी पांढऱ्या आभाळासमोर एखादं पानगळ झालेलं झाड कोपऱ्यात घेऊन किट लेन्सचे १८, ३५ आणि ५५ मिमीचे फोटो काढा. बहुतेक झूम लेन्समध्ये किनार सगळ्या फोकल लेंग्थला सारखी नसते, आणि ग्रुप फोटो १८ वर घ्यायचा की मागे जाऊन ३५ वर, हे त्यावरून ठरवता येतं.